‘इतर’ नावाचं सदर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून हसू आलं, राग धरू नकोस. ‘माझं बजेट 20 तारखेच्या पुढे जगत नाही’ असं लिहिलंयस. माझं तर एके काळी 12 तारखेलाच आचके द्यायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सगळेच सांगतात. अंथरूण मोजायचं कसं, ते मात्र मला चाळिशी गाठेपर्यंत कुणी सांगितलं नाही.

तू पाठवलेला तक्ता बघितला. सुबक आहे, रंगबिरंगी आहे, आणि सगळा मनाने रचलेला आहे. ‘बाहेरचं खाणं’ इतकंच होईल हे तुला कुणी सांगितलं? ती तुझी इच्छा झाली, खर्च नव्हे. मी हेच करायचो. मग एका रविवारी मागच्या तीन महिन्यांची बँकेची स्टेटमेंटं छापून घेतली, जमिनीवर पसरली आणि पेन्सिल घेऊन बसलो. एकेका ओळीसमोर एकच शब्द लिहायचा: भाडं, किराणा, प्रवास, औषधं. जे कशातच बसेना त्यापुढे ‘इतर’. तासाभराने बेरीज केली, तर एकूण खर्चाचा 27 टक्के भाग ‘इतर’ निघाला! चहा-सिगरेटवर डोळा ठेवून होतो आणि चोर भलतीकडेच.

मग ते ‘इतर’ उसवलं. आत काय, तर गाडीचा विमा, मुलीच्या शाळेची सहामाही फी, चष्म्याच्या नव्या काचा, पाण्याच्या पंपाची दुरुस्ती. यातलं एकही आभाळातून पडलेलं नव्हतं. विम्याची तारीख तर वर्षभर आधी छापून आलेली असते. तरी दर वेळी मी ‘या महिन्यात जरा जास्तच झालं’ म्हणून मोकळा. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी 1904 साली घरखर्चाची वही काढली होती. तिथे अशा वहीला काकेइबो म्हणतात. आजच्या काकेइबोत ‘अनपेक्षित’ असं एक सदर असतं. वही झकास, पण ते सदर माझ्यासारख्याच्या हाती देऊ नये, कारण मी त्यात काहीही कोंबतो.

म्हणून मी वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांची वेगळी यादी केली. बेरीज एका महिन्याच्या पगाराहून थोडी जास्तच भरली. म्हणजे बघ, 12 पगारांत मी 13 महिन्यांचे खर्च भागवू पाहत होतो. ते कसं जमणार? आता त्या बेरजेचा बारावा भाग, साधारण पगाराचे 9 टक्के, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप दुसऱ्या खात्यात वळतो. त्या खात्याचं डेबिट कार्ड मी घेतलेलंच नाही.

यात पहिल्या वर्षी एक गोम आहे आणि तिथेच मी आपटलो. विम्याचा हप्ता चार महिन्यांवर आला असेल तर रकमेला 12 ने नाही, 4 ने भागायचं. मी 12 ने भागलं, तारीख आली तेव्हा खात्यात तिसरा हिस्सा होता. उरलेले क्रेडिट कार्डावर टाकले आणि बिलातली ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरत राहिलो. महिना 3 टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं रे, पण चक्रवाढीने वर्षाला ते 42 टक्क्यांच्या वर जातं. सहा महिने घरात तोंड लपवून वावरलो.

वहिनींचं काम कंत्राटी, कधी भरपूर तर कधी शुकशुकाट, हे ठाऊक आहे. मागच्या 12 महिन्यांतला त्यांचा सगळ्यात कोरडा महिना शोध आणि तोच आकडा उत्पन्न म्हणून धर. वर येईल ते आधी त्या दुसऱ्या खात्यात टाक.

आणि हातखर्च आठवड्यावर वाटतोस ना, त्यात एक साधी चूक आहे. तू 4 ने भागतोस. चार आठवड्यांचे दिवस 28, साधा फेब्रुवारी सोडला तर एकही महिना तेवढ्यात संपत नाही. शेवटचे दोन-तीन दिवस पैसेच नाहीत, मग पुढच्या महिन्यातून उचल, आणि गळती सुरू. दिवसांवर भाग आणि सातने गुण.

बचतीचे किती टक्के, 50-30-20 (निम्मा पगार गरजांना, 30 टक्के हौसेला, 20 टक्के बचतीला) पाळायचं का, हे सध्या विचारू नकोस. भाडं आणि कर्जाचे हप्ते यांतच अर्ध्याहून जास्त पगार जात असेल तर तो हिशोब तुला फक्त खजील करेल.

वहीत माझं अजून एक सदर आहे, ‘आठवत नाही’. रोखीतला जो खर्च आठवत नाही तो तिथे. आधी खोटं काहीतरी लिहून बेरीज जुळवायचो, ते सोडलं. या महिन्यात त्यात तीन ओळी आहेत. बायको म्हणते, वयाप्रमाणे वाढतायत.

पुढच्या पत्रात वर्षाच्या खर्चांची यादी तेवढी पाठव. आकडे नकोत, नुसती नावं आणि महिने. वहिनी शेजारी असताना कर, तुला निम्मे आठवणार नाहीत.

तुझाच
(जुना उधळ्या)