चौकातल्या फ्लेक्सला उत्तर द्या, व्यंगचित्र परत सुरू करा

प्रति,
संपादक महोदय, स.न.वि.वि.

फ्लेक्समुळे शहर विद्रूप झालं ही बातमी तुमच्याकडे अधूनमधून येते, मग महापालिका मोहीम काढते आणि आठ दिवसांत परत जैसे थे. विद्रूप होतंच हो, पण हे फ्लेक्स आपलं मतही बनवतात त्याबद्दल कुणी लिहीतच नाही.

आपल्या नाशकात मुंबई नाक्याला नाहीतर द्वारका चौकात सिग्नलला अडकलात की वाढदिवसाचा एखादा फ्लेक्स नीट बघा. वर गोल चौकटीत मोठे साहेब लोक, मधे भाऊ हात जोडून किंवा मोबाईल कानाला लावून, मागे डरकाळी फोडणारा वाघ, आणि खाली शुभेच्छुकांची तिकिटाएवढ्या फोटोंची रांग, त्यातही अर्धे गॉगल लावून. वॉर्डातल्या पाण्याबद्दल, ड्रेनेजबद्दल एक ओळ नाही. पण रोज येताजाता तोच चेहरा दिसला की मतदानाच्या वेळी माणूस ओळखीचा वाटतो, खर्च तेवढ्यासाठीच असतो. आणि आपणही तयार झालोय, वरच्या रांगेतला एखादा फोटो गायब झाला की टपरीवर लगेच, "भाऊ तिकडं चालले वाटतं"! शिवसेना, राष्ट्रवादी फुटल्यापासून तर कोण कुठल्या गटात हे पेपरआधी फ्लेक्सवरच कळतं.

कुणी म्हणेल चित्रानं काय होतंय, लोक हुशार आहेत. मग आपल्या दिंडोरीत २०२४ च्या लोकसभेला काय झालं? शरद पवार गटाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळाली नुसती तुतारी, म्हणजे दिसायला पिपाणीच, त्यात आडनावही पवार गटाच्या भास्कर भगरेंसारखं भगरेच. त्याला लाखाच्या वर मतं पडली. भास्कर भगरे तरीही निवडून आले म्हणून विषय मागे पडला, पण साताऱ्यात पवार गटाचा उमेदवार पडला, आणि पिपाणीची मतं त्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत चिन्हं दिली कारण बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आता वाचता येतं तरी बोट चित्र बघूनच दाबलं जातं.

ह्याला उतारा म्हणजे व्यंगचित्र. फ्लेक्सवर नेता दहा फुटी असतो, व्यंगचित्रात त्याला दोन इंचात बसवून टाकतात. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आयुष्यभर एक शब्द बोलला नाही तरी पुढाऱ्यांना टोचायचा. आणि ताकद किती, तर १९६० ला बाळासाहेब ठाकऱ्यांनी मार्मिक हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं आणि ६६ ला त्यातनं शिवसेना उभी राहिली. सगळं चांगलंच झालं असंही नाही म्हणा, दाक्षिणात्यांविरुद्ध वातावरण तापवायलाही तेच साप्ताहिक वापरलं गेलं. पण व्यंगचित्रावर निदान काढणाऱ्याची सही असते, भांडायला माणूस सापडतो. आता व्हॉट्सॲपवर एआयनं बनवलेले फोटो फिरतात, कुणी बनवले पत्ताच नाही आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक त्यालाही हात जोडतात!

अशा वेळी तुमचं पहिल्या पानावरचं पॉकेट कार्टून बंद झालं, त्या जागी बिल्डरची जाहिरात आली. धंदा आहे, समजतं. पण सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू आहेत, रस्ते खोदलेत, विषयांना काही तोटा नाही. नाशकात चित्रं काढणारी पोरं भरपूर आहेत, आठवड्यातून एकदा तरी त्यांना जागा द्या. आणि मानधन द्या, "एक्स्पोजर मिळेल" सांगून फुकट काढून घेऊ नका.

आपला,
एक जुना वाचक, इंदिरानगर, नाशिक