'तिथे अशी माणसं नसतातच' हे खरं नाही

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला पॅलेस्टाइनवरचा लेख वाचला. तिथे समलिंगी माणसं नाहीतच, असली तर जिवंत राहत नाहीत, असं लेखकाने ठोकून दिलं आहे. रात्रभर राग गेला नाही, म्हणून हे पत्र.

माझा मुलगा गे आहे, बर्लिनला असतो. मी तीन महिने त्याच्याकडे होते तेव्हा इस्रायलमधल्या नाझरेथची एक पॅलेस्टिनी मुलगी दर रविवारी यायची. तीही आपल्या मुलासारखीच. ओट्याशी उभी राहून काबुली चणे वाटायची. ताहिनी म्हणजे आपल्या तिळाच्या कुटाचीच पातळ बहीण. बरणीच्या तळाशी बसलेला गाळ ढवळता ढवळता तिने मला जुलै २०२० मधली गोष्ट सांगितली. त्यांच्याच गावच्या 'अल अर्झ' ताहिनीच्या मालकीणबाईंनी अरबी बोलणाऱ्या समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या हेल्पलाइनसाठी देणगी दिली. पैसे इस्रायली संस्थेला गेले म्हणून काही जण चिडले, तर काहींना असल्या लोकांना मदत करणंच खपलं नाही. दुकानांतून बरण्या उतरल्या. हिच्या आत्याने घरातली बरणी उचलून केरात टाकली. आई काहीच बोलली नाही. संध्याकाळी बाहेर जाऊन दोन नव्या बरण्या घेऊन आली आणि फडताळात अगदी पुढे ठेवल्या. "तोवर मी आईला काही सांगितलंच नव्हतं," असं म्हणाली आणि पोरीचा चमचा थांबला.

६ सप्टेंबर २०१८ ला, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागला तेव्हा मी टीव्हीसमोर होते, मुलगा आतल्या खोलीत. उठून त्याचं दार वाजवणं मला जमलं नाही. त्या माउलीला जमलं.

त्रास नाही असं मी म्हणत नाही. २०१९ मध्ये पॅलेस्टिनी पोलिसांनी 'अल कौस' या समलिंगी आणि ट्रान्स पॅलेस्टिनींच्या संस्थेच्या कार्यक्रमांवर बंदी जाहीर केली, ओरड झाल्यावर निवेदन मागे घेतलं. २०२२ मध्ये वेस्ट बँकेतल्या रामल्लात गायक बशार मुराद यांचा कार्यक्रम जमावाने होऊ दिला नाही. पण 'अल कौस'चं काम २००१ पासून चालू आहे. इस्रायलमधल्या हैफात अशाच पॅलेस्टिनी बायकांची 'अस्वात' ही संस्था आहे. माणसं नाहीत, तर मग बंदी कुणावर घातली? कायद्याचंही तेच. वेस्ट बँकेत समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. गाझात आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा, आणि ते कलम १९३६ मध्ये इंग्रजांनी घातलेलं. आपल्या गळ्यात ३७७ बांधणारेही तेच होते. लेखात यातलं अक्षर नाही. २०१४ मध्ये इस्रायली गुप्तवार्ता विभागाच्या ४३ राखीव सैनिकांनी जाहीर पत्र लिहून पॅलेस्टिनींवर पाळत ठेवायला नकार दिला. माणसाचा लैंगिक कल हेरून, त्या माहितीच्या जोरावर त्याला खबऱ्या करतात, हे त्यांनीच सांगितलं. घरच्यांची भीती आणि वर हे. त्या मुलीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मला दोन्हींतून सुटायचंय."

लेखासोबत तुम्ही गाझात समलिंगींचा इंद्रधनुषी झेंडा धरलेल्या इस्रायली सैनिकाचा २०२३ चा फोटो मोठा करून छापलात. त्याच्या मागे पडकी घरं दिसतात. त्या घरांतही कुणाचा तरी माझ्या मुलासारखा मुलगा राहत असेल, हे फोटो निवडताना कुणाच्याच मनात आलं नाही का?

आणखी एक. लेखात सगळ्यांना सरसकट 'तृतीयपंथी' म्हटलं आहे. तृतीयपंथी वेगळे, समलिंगी वेगळे. गेल्या वर्षी माझ्या पत्रातला 'गे' हा शब्द काढून तुम्ही तिथे 'तसा' घातलात. मुलाने ते वाचलं आणि मला फोनवर एवढंच विचारलं, "आई, 'तसा' तू लिहिलंस?" या वेळी शब्द आहे तसाच छापावा, ही विनंती.

– एक आई, डोंबिवली