सहा किलोमीटरचा अंदाज बांधापर्यंत कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला चार एकरांचा कोरडवाहू शेतकरी आहे. २०२५ च्या मे महिन्यात आमच्याकडे एवढा पाऊस झाला की नांगरलेल्या रानात पाय रुतत होता. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याची बातमी आली आणि गावात पेरणीची घाई सुरू झाली. पुढचे आठ दिवस धो धो पाऊस आहे, असं सांगणारी एक चित्रफीत मोबाइलवर फिरत होती. वापसा आला तसं मृग लागण्याआधीच मी चारही एकरांत सोयाबीन पेरलं. कोंब वर आले आणि पाऊस थांबला. मे महिन्याच्या अखेरीस अडलेला मान्सून जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकलाच नाही. दुपारी रोपं माना टाकायची, ते बघवत नव्हतं. शेवटी दीड एकर मोडून दुबार पेरणी केली.

मला सर्वात जास्त लागलं ते नंतर कळलं तेव्हा. हा खंड पडणार हे हवामानशास्त्रज्ञांना आधीच दिसलं होतं. पाऊस ओसरणार असल्याचं हवामान खात्याने सांगितलं होतं आणि पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभागानेही कळवलं होतं. म्हणजे अंदाज बरोबर होता, पण माझ्यापर्यंत पोहोचली ती चित्रफीत.

योगायोग असा की त्याच २६ मे रोजी दिल्लीत ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’चं लोकार्पण झालं. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी घडवलेलं हे हवामान अंदाजाचं संगणकी प्रारूप आहे. त्याचं मोल शेतकऱ्यांनी समजून घ्यायला हवं. संगणक अंदाज काढताना जमिनीचे चौकोन पाडतो आणि एका चौकोनाला पावसाचा एकच आकडा देतो. पूर्वीचा चौकोन बारा किलोमीटरचा, म्हणजे १४४ चौरस किलोमीटरचा होता. त्यात कितीतरी शिवारं एकाच मापात मोजली जायची. आता चौकोन सहा किलोमीटरचा झाला, म्हणजे ३६ चौरस किलोमीटरचा. युरोप, ब्रिटन, अमेरिकेची जागतिक प्रारूपं तेव्हा नऊ ते चौदा किलोमीटरवर चालत होती, हे लक्षात घेतलं तर आपल्या माणसांनी केवढं काम केलं ते कळतं. चौकोन बारीक केला की गणित कित्येक पटींनी वाढतं. त्यासाठीच ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा (सेकंदाला हजारो लाख कोटी गणितं करणारा) महासंगणक पुण्यात बसवला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन मौसम’ या हवामान अंदाज सुधारण्याच्या केंद्राच्या योजनेला दोन वर्षांसाठी २००० कोटी रुपये ठेवले होते. हा खर्च योग्यच आहे. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं, असं जुनी माणसं आमच्याकडच्या पावसाबद्दल सांगतात. अशा पावसाला सहा किलोमीटरचा चौकोनसुद्धा मोठाच आहे, तरी बारापेक्षा तो नक्कीच बरा.

पण चौकोनाची बाजू निम्मी झाली तरी शेतकऱ्याच्या हातात पडणारं वाक्य बदललेलं नाही. ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस.’ गावात याचा अर्थ ‘थोडा पाऊस येणार’ असा घेतला जातो. हवामान खात्याच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस, बाकीची कोरडी. ‘हलका’ म्हणजे २४ तासांत २.५ मिलिमीटरपासून आणि ‘मध्यम’ म्हणजे ६४.४ मिलिमीटरपर्यंत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. तीन मिलिमीटर पडला तरी खरं ठरणारं आणि साठ पडला तरी खरं ठरणारं वाक्य वाचून माणसाने तिफण जुंपावी की नाही? त्याऐवजी ‘तुमच्या महसूल मंडळात येत्या सात दिवसांत २५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस होण्याची शक्यता दहात तीन’ असं सांगितलं, तर अडाणी माणूसही हिशेब करू शकतो. जुगार कशाला म्हणतात ते कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

आणि हे वाक्य लिहिणारा माणूस जिल्ह्यात असायला हवा. ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत कृषी विज्ञान केंद्रांमध्ये देशभर १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंदाज बघून कुठल्या पिकाला पाणी द्यावं, फवारणी कधी थांबवावी, काढलेलं सोयाबीन कधी झाकावं, हे तिथले तज्ज्ञ सांगत. २०२४ मध्ये, आर्थिक वर्ष संपताना, ही केंद्रं बंद करण्यात आली. पुढे ती पुन्हा सुरू करण्याच्या बातम्या वाचल्या. ‘मिशन मौसम’चे पैसे आले त्याच वर्षी ही केंद्रं बंद झाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कृषी विद्यापीठांतली केंद्रं चालू आहेत, पण एकेका केंद्राने अनेक जिल्ह्यांचं बघायचं म्हटलं की माझ्या मंडळाचं वेगळं काही येत नाही. काळ्या भारी रानाला आणि माळाच्या मुरमाड रानाला एकच सल्ला कसा चालेल? दहा दिवसांचा खंड भारी रान ओढून नेतं, मुरमाड रानात पीक सहाव्या दिवशीच कोमेजतं.

पुण्यात १९३२ पासून कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे शेतीसाठी अंदाज ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. म्हणून माझी केंद्र सरकारकडे मागणी आहे की जिल्हा केंद्रं कंत्राटी प्रकल्प म्हणून न ठेवता कायमची करावीत आणि तिथल्या तज्ज्ञांचा पगार महासंगणकाच्या विजेइतकाच आवश्यक खर्च मानावा.

राज्य सरकारकडेही एक मागणी आहे. महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत. त्यांचे आकडे पीकविम्याच्या वेळी निघतात. तेच दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत: मागच्या आठवड्यात आपल्या मंडळासाठी अंदाज किती होता, प्रत्यक्षात पाऊस किती पडला. चुकला असेल तर चुकला म्हणून लिहावं. चार महिने ते दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की कोणत्या अंदाजावर किती विसंबायचं ते गाव स्वतःच ठरवेल. चित्रफिती करणाऱ्यांना हा हिशेब कुणी विचारत नाही, म्हणून त्यांचं फावतं.

फलक आमच्या पंचायतीत आहे, खडूही आहे. आकडे लिहायला मी दर सोमवारी जायला तयार आहे.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी
ता. औसा, जि. लातूर