परीक्षा पुढे ढकललीये, आधी नीट वाचा मग फोन करा

आई, बाबा, शालोम.

फोनवर सांगायला गेलो की आई तू रडतेस आणि बाबा तुम्ही "आवाज कट होतोय" म्हणून फोन ठेवता, म्हणून लिहितोय. चष्मा लावून वाचा. या खेपेला मी स्मिखाच्या, म्हणजे रब्बी (धर्मगुरू) होण्याच्या, परीक्षेला बसत नाहीये. नापास झालेलो नाही, येशिवातून, म्हणजे इथल्या धार्मिक विद्यालयातून, काढलेलंही नाही, लोकांना तेवढं आधी सांगून टाका.

माझा दिवस कसा जातो ते तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही. सकाळी तेफिला म्हणजे प्रार्थना, मग दुपारपर्यंत हाव्रुता, म्हणजे जोडीदारासोबत एकेका ओळीवर अक्षरशः भांडायचं, रात्री परत तेच. आणि गंमत म्हणजे यातला केवढा तरी भाग स्वयंपाकघराचाच आहे. आई तू मटण अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवून मग तीनदा धुतेस ना, त्याच्यावर आम्ही महिनेच्या महिने घासतोय, तुला पाठ आहे ते मला पानं उलटून शोधावं लागतं. परवा तर आपलं नारळाच्या दुधातलं मटणच निघालं! म्हणजे नारळ नाही, बदाम. पोलंडचे रब्बी मोशे इस्सेरलेस, 16 व्या शतकातले, ते म्हणतात मांस बदामाच्या दुधात शिजवलं तर शेजारी चार बदाम ठेवा, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल खरंच दुधात शिजवलंय, आणि ते तर आपल्यात वर्ज्य. मी जोडीदाराला म्हटलं आमच्याकडे करवंटी ठेवावी लागेल, त्याला आधी नारळाचं दूध काय ते समजावण्यात अर्धा तास गेला.

आठवड्यातून दोनदा दुपारी इथे इस्रायलमधल्या रामला शहरात जातो, आपल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायला. एक आजी आहेत, इतकी वर्षं इथे राहून हिब्रू पार विसरल्या, फक्त मराठी उरलीये, मला रोज नव्याने विचारतात "कुठल्या गावचा रे तू, कर कुठला?" मग मी आडनाव सांगतो, त्या खूश होतात, पाच मिनिटांनी परत तेच. नर्सला एक शब्द कळत नाही. तिथून मला वेळेवर उठता येत नाही, बस चुकते, घरी पोचेपर्यंत पिल्लू झोपलेली असते. हिची नाइट ड्युटी असेल तर आम्ही जिन्यातच भेटतो, चावी हातात देते आणि "डाळ झाकून ठेवलीये" म्हणते, बस.

तर झालं असं. गेमारात, म्हणजे आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, केतुबोत भागात 62 व्या पानावर एका रब्बींची गोष्ट आहे, राव रेहूमी. ते माहोझा गावाला रावांकडे, म्हणजे रावा नावाच्या मोठ्या गुरूंकडे शिकायचे आणि वर्षातून एकदाच घरी यायचे, योम किप्पूरच्या, म्हणजे आपल्या मोठ्या उपासाच्या, आदल्या दिवशी. एका वर्षी अभ्यासात इतके रंगले की निघायचंच राहिलं. बायको वाट बघतेय, आता येतील, आता येतील, शेवटी तिच्या डोळ्यातून एक थेंब पडला, आणि इकडे हे ज्या छतावर बसले होते ते कोसळलं आणि ते गेले. वाचताना मला आजीच आठवली, ती योम किप्पूर कधी म्हणायचीच नाही, दार फाळणीचा सण म्हणायची, पांढरे कपडे घालून दारं लावून घरात बसायचं. आणि हा माणूस नेमका त्याच दिवशी दाराबाहेर.

मी ही गोष्ट हिला मोठ्या उत्साहात सांगितली, मोठा शोध लावल्यासारखी. ती डबा भरत होती. म्हणाली, "तिचं नाव काय होतं?" मी उठून परत पान बघितलं. नाव नाहीये. नुसतं "त्याची बायको".

दुसऱ्या दिवशी जाऊन परीक्षेचं नाव मागे घेतलं.

बाबा, तुम्हाला वाईट वाटेल ते माहितीये. पिढ्यानपिढ्या आपल्याकडे सगळं हज्जानच, म्हणजे प्रार्थना सांगणारेच, बघत आले, आपला रब्बी व्हावा हे तुमच्या किती मनात आहे, आणि आपण खरे ज्यू की नाही यावर इथे जे वादंग झालं, 1964 साली सरकारला जाहीर करावं लागलं की बेने इस्रायल, म्हणजे आपण मराठी ज्यू, सगळ्या बाबतीत ज्यूच, ते आजोबांकडून ऐकतच तुम्ही मोठे झालात. मी सोडत नाहीये हो. फक्त पुढच्या खेपेला बसेन, आणि रात्रीचा अभ्यास आठवड्यातून तीनच दिवस, बाकी रात्री घरी. जोडीदार चिडलाय, चिडू दे. रामला मात्र बंद करणार नाही, ते मला जमणार नाही.

आणि बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी आलो नाही ते डोक्यातून जात नाही. "काही गरज नाही, तू शीक" तुम्ही म्हणालात आणि मी लगेच मान्य केलं, फारच लगेच.

तर योम किप्पूर झाला की येशिवाला हेश्वान महिन्यापर्यंत सुट्टी असते. ती उजळणीसाठी राखून ठेवली होती, आता तिघंही ठाण्याला येतोय, सुक्कोथचा सणही तिथेच. तिकिटं काढली, आता नाही म्हणू नका. पिल्लूला मराठी कळते पण उत्तर हिब्रूत देते, आई तू रागवू नकोस.

हज्जानकाकांकडून मटण मिळालं तर सांगून ठेव. नारळाच्या दुधातलंच कर. करवंटी मी ठेवतो शेजारी.

तुमचा,
बंड्या