काका, शेवंती आता पांढरी येते

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून बोलायला गेले तर "पुरे गं, चहा घे" म्हणून तुम्ही विषय बदलाल, म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण कॅमेरा हौसेने घेतला आणि कपाटात ठेवला अशा माझ्यासारख्या पुष्कळजणी आहेत.

माझा आठ महिने पडून होता. एका कार्यशाळेत शिकवणाऱ्यांनी माझा फोटो सगळ्यांसमोर पडद्यावर लावला, "हा मोबाइलवरही आला असता" म्हणाले आणि पुढे गेले. त्यानंतर बॅग उघडावीशीच वाटेना. पाऊस संपता संपता तुम्ही जिन्यात सहज विचारलंत, "कॅमेरा काय म्हणतो?" कपाटात आहे म्हटल्यावर तुमचा चेहरा उतरला. "मुंबईच्या पावसाळ्यात? बंद बॅगेत? अगं, लेन्सला बुरशी धरेल." त्याच संध्याकाळी तुम्ही लेन्स उजेडात धरून आतून तपासलीत, झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या दिल्यात. माझे फोटो कसे आहेत, हे विचारलंही नाहीत. मला तेव्हा तेच हवं होतं.

मग रविवारी सकाळी प्रभादेवीहून चालत दादरचं फूल मार्केट. निघायच्या आधी तुम्ही माझ्या १८-५५ लेन्सचं झूम ३५ वर आणून त्यावर चिकटपट्टी लावलीत. "आता झूम म्हणजे तुझे पाय. आणि फोटो ३६च. आमच्या रोलमध्ये तेवढेच असायचे."

मी सेनापती बापट मार्गाच्या पलीकडून, माणसांच्या आडून फोटो काढत होते. वेण्या करणाऱ्या एका मावशींनी मला पाहिलं आणि तोंडावर पदर ओढला. मला तिथून निघूनच जावंसं वाटलं. तुम्ही मात्र कॅमेरा खाली करायला लावलात आणि म्हणालात, "आधी वेणी घे. बोल त्यांच्याशी. मग विचार." मी वेणी घेतली, गाव विचारलं, फुलं कधी येतात ते विचारलं. दहा मिनिटांनी त्याच म्हणाल्या, "काढ की. पण माझं तोंड नको, हात काढ." पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा, बोटांच्या पेरांवर हिरवे डाग, मांडीवर ओल्या गोणपाटाचा तुकडा. हे सगळं रस्त्याच्या पलीकडून मला दिसलंच नव्हतं.

पण फोटो पाहिला तर पांढरी शेवंती मळकी, राखाडी. माझंच चुकलं असं मी धरून चालले. तुम्ही म्हणालात, "कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरं कळत नाही. समोर जे असेल ते मधल्या राखाडी रंगाचं आहे असं समजून तो उजेड मोजतो. पांढऱ्याचा ढीग असला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो कमी करतो. तू एक स्टॉप वाढव, म्हणजे उजेड दुप्पट कर." एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायचं बटण, अधिक एकवर नेलं आणि शेवंती पांढरी झाली! वर्षभर ज्या बटणाला मी हात लावायला घाबरत होते, ते त्या दिवशी माझं झालं. झेंडूच्या ढिगाला उलट थोडं कमी करायचं, नाहीतर केशरी रंग जळून पाकळ्यांचा नुसता लगदा दिसतो, हे पुढच्या रविवारी.

घरी परतल्यावर फोटो पाहताना तुम्ही चांगला-वाईट काहीच म्हणाला नाहीत. प्रत्येक फोटोला एकच विचारायचात, "कुठे उभी होतीस?" दर रविवारी तेच. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी मी स्वतःलाच विचारू लागले.

बाईमाणसाने गर्दीत कॅमेरा घेऊन उभं राहायचं म्हणजे लोक बघतात, असं मी एकदा म्हटलं. तेव्हा तुम्ही होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांगितलंत. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले तरी काम न सोडणाऱ्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, तुम्हाला न सांगता.

मावशींच्या हातांचा फोटो ४ बाय ६ छापून त्यांना नेऊन द्यायला तुम्हीच सांगितलं होतंत. त्यांनी ओले हात पदराला पुसले, फोटो कडेने धरला, बराच वेळ पाहिला आणि पैशांच्या डब्यात झाकणाच्या आतल्या बाजूला खोचला. अजून तिथेच आहे. त्या दिवसापासून मार्केटमध्ये मला कुणी "ओ मॅडम" म्हणत नाही, नावाने हाक मारतात.

काका, तुमचे मनापासून आभार. तुम्ही माझे इतके रविवार सत्कारणी लावलेत.

आणि एक काम आहे. मावशींच्या नातवाचं बारसं आहे पुढच्या रविवारी, फोटो मी काढायचे आहेत. खोलीत जुन्या ट्यूबलाइट आहेत. फोटोत पट्टे येऊ नयेत म्हणून शटर १/१०० सेकंद ठेवणार आहे, आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ यावा म्हणून वाढवायचा आकडा) लागेल तेवढा वाढवीन. पाळण्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही. मावशींनी तुम्हालाही बोलावलंय. याल ना?

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची