ब्रश मी ठेवून घेतलाय

कराड,
रविवार, रात्री

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल दुकानात आलं. तुझ्या मोबाईलमध्ये अजून इथलाच पत्ता आहे, बदलून घे. खोक्यावर माझं नाव होतं म्हणून उघडलं. लांब दांड्याचा ब्रश आणि अंग घासायचा हातमोजा. आयुष्यभर स्पंज, जाळ्या, वजऱ्या विकल्यावर असा माल हाताळून बघितल्याशिवाय राहवतं का? ब्रशचे केस डुकराचे आहेत, डब्यावर बारीक अक्षरात छापलंय. आजीला ते वाचून दाखवलेलं नाही. मोजा घायपाताचा. आबाकाका ज्या दोरानं बैल बांधायचे ना, तोच हा घायपात. तो तू दंडाला लावणार?

कशासाठी मागवलंस ते मला कळतं. बंड्याच्या साखरपुड्यात कुंदाआत्या तुझ्या पाठीवरून जे बोलली ते मीही ऐकलं. घरी आल्यावर तिला सुनावलंय, आईला विचार.

तर एकच सांगायचंय. जोरात घासू नकोस. एवढं लिहून थांबणार होतो.

तुझ्या गळ्याच्या हाडावर आणि पाठीवर वरच्या बाजूला जे काळसर पट्टे आहेत, तो मळ नव्हे. दुकानाच्या वर स्किनचे डॉक्टर बसतात, त्यांना विचारलं. तुझं नाव घेतलं नाही, 'एक गिऱ्हाईक आहे' म्हणालो, तर ते हसले. नायलॉनच्या जाळीनं रोज रगडून असे डाग पडलेले पेशंट त्यांच्याकडे पुष्कळ येतात. जिथे कातडीखाली लगेच हाड, तिथे घासणी जास्त लागते. कातडी दुखावली की रंग धरते, रंग दिसला की माणूस आणखी रगडतो. जपानमध्ये नायलॉनच्या टॉवेलनं अंग घासायची सवय होती, तिथल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकातच हे लिहून ठेवलंय. घासणं थांबवलं की डाग हळूहळू फिकट होतात, पण महिने जातात आणि सगळा डाग जाईलच असं नाही. तुझं तेच आहे की दुसरं काही, हे सांगणं दुकानदाराचं काम नाही. दाखवून घे. मेडिकलवाल्यानं काउंटरवरून दिलेली गोरं करणारी ट्यूब मात्र लावू नकोस. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, कातडी कागदासारखी पातळ होते.

तू म्हणशील, बाबा स्वतः जाळ्या विकतात आणि मला शिकवतात. विकतो, धंदा आहे. पण बघून विकतो. वर्कशॉपमधली पोरं ग्रीसनं माखलेली येतात, त्यांना खरखरीत लुफा, म्हणजे वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, चालतो, तोही आठवड्यातून एकदोनदा. कातडी कोरडी असेल किंवा वय झालेलं असेल, तर मऊ सुती पंचा. इसब असलेल्याला मी काहीच विकत नाही, नुसता हात आणि सौम्य साबण पुरे. सोरायसिसवाल्यानं तर रगडूच नये, जिथे खरवडेल तिथे नवा चट्टा उठू शकतो. दंडावर तांदळाच्या कणीसारखे बारीक खडे असतात, तुलाही दहावीत होते, तेही घासून जात नाहीत. युरियाचं क्रीम लावलं की मऊ पडतात. आईची वजरी मी माळ्यावर टाकलीय. शुगर असताना टाचा खरवडायच्या नसतात, जखम झालेली कळतसुद्धा नाही. ती शोधतेय, सांगू नकोस.

भाषण झालं. माफ कर. तू तिकडे गुरुग्रामला एवढ्या मोठ्या पुलाचे नकाशे तपासतेस आणि मी तुला अंघोळ शिकवतोय.

आजीच्या मांडवावरचं घोसाळं आठवतं का? एक मुद्दाम वेलावरच सोडायची. साल तपकिरी होऊन आत बिया खुळखुळल्या की काढायचं, भिजत घालायचं, साल ओढून बिया झटकायच्या. तू आणि बंड्या त्यासाठी भांडायचात. भिजल्यावर ते किती मऊ व्हायचं. आजी ते वापरून झालं की उन्हात टांगायची आणि महिनाभरानं चुलीत घालायची. आताच्या मुली तेच पुडक्यात विकत घेतात आणि बाथरूमच्या ओलीत सहा महिने लटकवतात. ओल्या लुफात जंतू वाढतात गं.

आणि अंघोळ तरी तुला घरात कुठे आवडायची? पाठीला डबा बांधून कृष्णेत सोडली होती तुला. डबा सुटला, मी ओरडलो आणि तू पलीकडे पोचलीसुद्धा. त्यानंतर कधी बांधू दिला नाहीस. ते खांदे उन्हात पोहून झालेत, मृणू. बालेवाडीहून पदक आणलंस तेव्हा हीच कुंदाआत्या आळीभर पेढे वाटत होती.

तिकडच्या थंडीत गीझरचं कढत पाणी घेऊ नकोस. कोमट घे, लवकर आटप, अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल किंवा क्रीम लाव. आणि घासू नकोस. लिहिलं का हे आधी? असू दे.

डॉक्टरांची फी मी पाठवतोय, परत करायची नाही. कधी जाणार ते कळव, आठनंतर फोन कर, तेव्हा दुकानात गर्दी नसते. लग्नातलं तुझं ब्लाऊज टेलरकडे पडलंय. मागचा गळा खोलच ठेवायचा की वर घ्यायचा, ते त्याला शुक्रवारपर्यंत सांगायचंय. आई म्हणाली तुला विचारू. मी त्याला खोलच ठेव म्हणून सांगून आलोय.

तुझा,
बाबा