बदक कोण हलवत होतं?

सोलापूर,
भाऊबीजेनंतरचा रविवार

प्रिय सच्या,

शपथ घालत नाही, तुझ्या शपथांची किंमत मला शाळेपासून माहीत आहे. पण एवढं खरं सांग बे: बदकाच्या गेममध्ये रिमोटवरून बदक हलवता येतं, हे तुला तेव्हा ठाऊक होतं का?

फोन करणार होतो. पण फोनवर तू हसशील, गाडी पार्लरमधल्या मुस्तफाच्या गेमवर नेशील, तेवढ्यात वहिनी मागून काहीतरी विचारतील आणि विषय संपेल. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर अंगठा येईल. म्हणून कागद घेतला. घरचे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे होते तिथंच आहेत. माझी शुगर काठावर आहे, डॉक्टर चाला म्हणतात, मी हो म्हणतो. झाली खुशाली.

आता ऐक. आई कायमची आमच्याकडे जुळे सोलापुरात आली. बाळीवेशीतलं घर रिकामं करायचं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सईला घेऊन माळा आवरायला गेलो, तर कुकरच्या खोक्यात आपला व्हिडिओ गेम. दोन्ही रिमोट, बंदूक, अडॅप्टर, आणि ती पिवळी कॅसेट, ९९९९९९९ इन १ वाली. सई म्हणाली, "बाबा, जवळजवळ एक कोटी गेम?" मी म्हटलं, गेम वीसेक, बाकी तेच पुन्हा, कुठं तिसऱ्या स्टेजपासून, कुठं जास्त लाईफ देऊन. आपण ते सगळे नंबर लावून बघायचे म्हणून वही केली होती. ती वहीही माळ्यावर असेल तर वाळवीनं खाल्ली.

कॅसेट मी उघडली. तेव्हा आईच्या भीतीनं कधी उघडली नव्हती. आत बोटभर हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबर सांडल्यासारखा एक काळा ठिपका, बास. एवढ्याशा ठिपक्यासाठी आपण नवी पेठ पालथी घातली होती. पट्टीचे दात काळे पडले होते ते सईच्या खोडरबरनं घासले. आणि आपण फुंकर मारायचो ना, ते सगळं व्यर्थ होतं. फुंकरीतल्या ओलाव्यानं दात उलट गंजतात. कॅसेट काढून परत बसवली की टेकण नीट बसायचं आणि श्रेय फुंकरीला जायचं. तुझी फुंकर माझ्यापेक्षा भारी असते, हा तुझा दावा त्यामुळं निकालात निघाला. हे लिहिताना फार बरं वाटलं.

घरी आणून नव्या एलईडीला लावला. मारियो पळाला. सईला तो 'स्लो' वाटला. ती कॉम्प्युटरवर कधीतरी तोच खेळली आहे. मी शोधून काढलं, पोरीचं बरोबर आहे. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. जपान-अमेरिकेत ६०. हा गेम चित्राच्या तालावर पळतो, त्यामुळं आपला मारियो तिकडच्यापेक्षा सावकाश धावायचा. आपल्याला आठवी दुनिया जमली त्यात निम्मा वाटा दूरदर्शनचा म्हणायचा. मग सईनं दाखवलं की त्यातलं झुडूप म्हणजे ढगच, फक्त हिरवा रंगवलेला. एवढी वर्षं डोळ्यासमोर होतं रे. अख्खा गेम ४० केबीत बसवलाय, तुझ्या सकाळच्या सुप्रभातच्या फोटोहूनही लहान, मग बिचारे चित्रं वाचवणारच.

पण बंदूक चालेना. खटका दाबला की स्क्रीन लुकलुकायची, बदक आपलं उडतच. कुत्रं वर येऊन हसायचं. ते कुत्रं अजून तितकंच हरामखोर आहे.

कारण वाचलं तेव्हा डोकंच फिरलं. त्या बंदुकीतून काही बाहेर येतच नाही. बंदूक टीव्हीकडे बघते. खटका दाबला की क्षणभर सगळी स्क्रीन काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. आधी काळं, मग पांढरं, असं दोन्ही दिसावं लागतं. म्हणून तू ६० च्या बल्बवर नेम धरून लबाडी करायला गेलास ती फसली होती. (आणि बल्ब माझ्या हातून फुटला असं तू आईला सांगितलंस. तो तुझ्या हातून फुटला होता.) एलईडीवर चित्र जरासं उशिरा येतं आणि बंदुकीचा डोळा ट्यूबच्याच उजेडासाठी बनवलेला, त्यामुळं तिला तिथं काही दिसत नाही. जुनी पिक्चर ट्यूबच हवी.

मग काय, दुसऱ्या दिवशी परत बाळीवेस. दादांचा टीव्ही अजून हॉलमध्ये आहे, वर आईनं विणलेला रुमाल टाकून. लावला. चित्र खालून चेपलेलं, कडेला हिरवट डाग, पण लागला. बंदूक लावली आणि पहिल्याच गोळीत बदक पडलं. मी ओरडलो तर शेजारच्या काकू आल्या, कोण गेलं म्हणून.

बंदूक दुसऱ्या रिमोटच्या जागी बसते, आठवतंय? पहिला रिमोट गेम निवडायला लागतो. तो सईच्या हातात होता. पोरीच्या हातात काही दिलं की अंगठे गप्प बसत नाहीत. मी नेम धरतोय आणि बदक डावीकडं वळलं. परत धरला, वर गेलं. सई म्हणाली, "बाबा, हे बदक माझं ऐकतंय." मी म्हटलं, गप. ती म्हणाली, "आता उजवीकडं नेते." गेलं की उजवीकडं.

सच्या, मी खाली बसलो.

नंतर खातरजमा केली. एका बदकाच्या खेळात रिमोटवाल्याला बदक हलवता येतं. दोन बदकांच्या खेळात नाही, तबकड्यांच्या नाही. जपानमध्ये १९८४ साली हा गेम आला, बाहेरच्या अस्सल मशीनबरोबर पुस्तिका यायची तिच्यात हे सरळ छापलेलं असायचं. आपल्या नकली मशीनबरोबर काय आलं होतं? चिनी अक्षरांचा एक कागद. त्याचं तू विमान केलंस.

आता मला काय आठवलं ते तुला कळलंच असेल. तुम्ही भिवंडीला निघालात त्याच्या आदली संध्याकाळ. मशीनचे निम्मे पैसे तुझे, निम्मे माझे, आईनं वरचे पन्नास घातलेले. कुणी ठेवायचं? तूच म्हणालास, बदकावर ठरवू. तुझा डाव आधी झाला, सात पडली. मग माझा. मी आयुष्यात त्याआधी कधी नऊ पाडली नव्हती. त्या दिवशी दहापैकी दहा. वर 'पर्फेक्ट' आलं, तू रिमोट खाली ठेवलास, चप्पल घातलीस आणि "चल बे, सामान बांधायचंय" म्हणून गेलास. मी वाड्यात सगळ्यांना सांगत सुटलो.

ते दहा मी अजून सांगतो रे. हिला लग्नाआधी सांगितलंय. ऑफिसात सांगितलंय. सईला तर इतक्यांदा सांगितलंय की बदक उजवीकडं नेल्यावर तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही.

तेव्हापासून डोक्यात कोर्ट चालू आहे. तुझ्या बाजूनं आणि तुझ्याविरुद्ध, दोन्ही वकील मीच.

पहिला वकील म्हणतो, शक्यच नाही. सच्या आणि सोडून देणार? टँकच्या गेममध्ये मी पिवळा, तू हिरवा. मी गरुडाचं, म्हणजे आपल्या तळाचं, रक्षण करतोय आणि तू मागून गोळी घालून मला लुकलुकत उभा ठेवायचास, कारण बक्षिसाची चांदणी उगवली आहे आणि ती तुला हवी आहे. फावडं आलं, तूच घेणार. तुझ्या लाईफ संपल्या की न विचारता बटण दाबून माझी एक उचलायचास. मी म्हणायचो रडीचा डाव, तू म्हणायचास मशीनच देतंय, मी काय करू. नव्या पेठेतल्या पार्लरमध्ये रुपया माझा, आणि मुस्तफा तू. एनर्जी पूर्ण भरलेली असताना खाली पडलेलं जेवण तूच खायचास. मी जॅक, म्हणजे दुसरा हिरो, घेऊन मरायला टेकलोय आणि हा समोर कोंबडी संपवतोय. असा माणूस मशीन सोडेल?

दुसरा वकील शांत आहे, आणि तोच मला छळतो. तो म्हणतो, सच्या सगळी बटणं दाबून बघणारा पोरगा होता. टँकमध्ये स्वतःचा नकाशा बनवता येतो हे वाड्यात कुणी शोधलं? गरुडाभोवती लोखंडाच्या भिंती कुणी बांधल्या? मी बंदूक धरली की पहिला रिमोट सदा त्याच्या हातात असायचा, आणि याला बदक हलतं हे कळलं नसेल? मी एरवी तीन-चार पाडायचो ती कशी? ऐन वेळेला बदक गर्रकन कसं वळायचं? मी तेव्हा टीव्हीला शिव्या दिल्या आहेत बे. शिव्या त्या, टीव्ही निर्दोष!

आणि त्या संध्याकाळी एक बदकवाला लाव, दोनवाला नको, असं कोण म्हणालं होतं? तू. मला पक्कं आठवतंय, कारण मला दोनवाला आवडायचा. तू चिवडाही घेतला नाहीस. आईच्या चिवड्याला तू नाही म्हणालास, ही एकच गोष्ट कुठल्याही कोर्टात पुरेशी आहे. शिवाय नववं बदक. ते वर, अगदी सुटायच्या बेतात होतं. दोन गोळ्या वाया गेल्या होत्या. ते खाली आलं, सच्या. सरळ माझ्या नळीसमोर आलं. तेव्हा मला वाटलं, नशीब.

तू दिलं असशील तर मी आभार वगैरे मानणार नाही. मला राग येईल. निम्मं मशीन माझं होतंच, उरलेलं निम्मं मी जिंकलं होतं, असं इतकी वर्षं समजत आलो. ते तू हातात ठेवून गेलास, तेही मला न कळू देता, आणि वर माझी फुशारकी दर वर्षी गड्ड्याच्या जत्रेत मान डोलवत ऐकलीस. मागच्या वेळी होम मैदानावर फुग्यांवर नेम धरताना मी म्हटलं, "आपला नेम माहीत आहे ना?" तू म्हणालास, "माहीत आहे बे." कसल्या चेहऱ्यानं म्हणालास ते मी आता आठवून आठवून बघतोय. आणि तुम्हाला तेव्हा तिकडं काय काय सोसावं लागलं हे पुढं कळलंच. गिरणी बंद, काकांना नवं काम, एका खोलीत पाच जण. तिथं तुला ते मशीन किती उपयोगी पडलं असतं हे मला तेव्हा कुठून सुचणार. तुला मात्र सुचलं होतं का?

बरं, टीव्हीचं. हे घाईचं आहे. घर रिकामं झालं की टीव्ही भंगारात जाणार. आमच्या फ्लॅटमध्ये तो ठेवायचा म्हटलं तर ही म्हणते, एक तर तो नाहीतर मी. एका जुन्या कारागिराला बोलावलं. त्यानं मागचं झाकण काढलं, ब्रशनं धूळ झाडली, दोन कपॅसिटर बदलले, चित्र थोडं सरळ झालं. म्हणाला, ट्यूब ठणठणीत आहे, पण ईएचटी, म्हणजे ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारा भाग, आवाज करतंय, ते गेलं तर आता मिळणार नाही. मी विचारलं, जानेवारीपर्यंत चालेल? त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, जानेवारीत काय आहे? मी काय सांगणार. म्हटलं, पाहुणा यायचाय.

तर तू गड्ड्याला ये. संक्रांतीच्या आधी, नंदीध्वजांची मिरवणूक बघू, भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ, आणि बाळीवेशीत त्याच टीव्हीवर बसू. रिमोट तुझ्या हातात, बंदूक माझ्या. आधी तू मनापासून पळव बदक, बघू किती पडतात. मग तू नववं खाली आण. मी बघून ओळखेन. घरमालकाला मी जानेवारीअखेरपर्यंत थांबवलंय, कारण आईच्या सामानाचं सांगितलंय.

तुझ्या नव्या फ्लॅटचं कळलं, अभिनंदन. हप्ते जपून. चिनूला दहावीला गणित जड जातंय असं वहिनी हिला म्हणाल्या. जाऊ दे, तुलाही जायचं. काकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट झाली ना? त्यांना नमस्कार सांग. नोकरी बदलायचं काय ठरलं ते सविस्तर कळव, मी विचारायचं राहून जातं.

पण आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर. उत्तर 'नाही' असेल तर एका ओळीचं कार्ड टाक, मी सईला दाखवेन. 'हो' असेल तर एवढंच सांग: दहाही, का फक्त ते नववं? एक असेल तर मी चालवून घेईन. तिकीट आत्ताच काढ, गड्ड्याच्या दिवसांत वंदे भारतलाही जागा मिळत नाही.

तुझा,
मन्या

ता. क. हे पत्र वहिनींच्या हाती लागू देऊ नकोस. दहापैकी दहाची गोष्ट मी तुमच्या लग्नात त्यांच्या सगळ्या माहेरासमोर माईक घेऊन सांगितली आहे.